नानामामांना घेऊन अकोट ते अमरावती

नाशिकरोडला मध्यरात्री गाडीत बसल्यावर मी सामान पुन्हा एकदा तपासलं. रक्तदाब मोजायचं यंत्र, ग्लुकोजची पुडी, टॉर्च, नानामामांच्या रिपोर्टांची फाइल, छत्री. सगळं जागेवर होतं. पण ज्या कामासाठी निघाले होते ते कुठल्या यादीत मावणारं नव्हतं. नानामामांना अकोटहून अमरावतीला जिवंत न्यायचं, एवढंच ते काम.

नानामामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या घरात, पदार्थविज्ञानाचा माणूस, बायकामुलं नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचं हृदय मधूनच थांबू लागलं होतं. ठोका यायचा नाही, ते कोसळायचे आणि ठोके परत सुरू झाले की धूळ झटकून उठून बसायचे. अमरावतीच्या डॉक्टरांनी पेसमेकर बसवायचं ठरवलं होतं. मला फोनवर त्यांनी एकेक गोष्ट बजावून सांगितली. बाथरूमचं दार आतून लावू देऊ नका. पडले तर उठवून बसवू नका, आडवंच ठेवा. श्वास सुरू नसेल तर वाट न पाहता छाती दाबायला लागा. आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडून होकार घ्या, कारण तो अजून मिळालेला नाही.

भुसावळच्या पुढे उजाडलं आणि माती काळी होत गेली. शेगावला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाईंनी आग्रहाने कचोरी घेऊन दिली. ती मी हातात धरून बसले आणि अकोल्याला उतरताना तशीच पिशवीत टाकली. अकोल्याहून अकोटची एसटी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी (पिकाची कापणी) चालली होती, आणि पलीकडच्या वावरांत (शेतांत) कपाशीची बोंडं नुकती उकलत होती. ऑक्टोबर असून ऊन चटके देत होतं. कंडक्टरने आभाळाकडे पाहून शेजारच्याला म्हटलं, की आज दुपारनंतर काही खरं नाही. मी ते ऐकलं, आणि तिथून अकोटपर्यंत पश्चिमेकडची खिडकी सोडली नाही.

मामा दारातच खुर्ची टाकून बसले होते, मनगटावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून. मला पाहून उठले नाहीत. नाडी मोजत होते.

"बस, कुंदे. बोलू नको. आता एक चुकला."

पाया पडायला वाकले तर त्यांचे पाय थंडगार. आत जाऊन मी आधी बाथरूमची कडी स्क्रूड्रायव्हरने काढून टाकली. मामांनी ते पाहिलं आणि म्हणाले, की माझ्या आईनेही लग्नाआधी याच घरातली दारं अशीच खिळखिळी केली होती. जेवायला भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. त्यांनी चवीने खाल्लं. मी त्यांचा घास घशाखाली उतरेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तरुणपणी ते मुंबईत एका मोठ्या संशोधन संस्थेत होते. एके दिवशी ती नोकरी सोडून अकोटला परतले. घरच्यांनी वेड्यात काढलं. मग त्यांनी जे केलं त्याला कोणत्याही विद्यापीठात एक खातं सापडणार नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, तेव्हा तीन भेगा एका जागी कोणत्या कोनात मिळतात हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं. विहिरीत खडा टाकून आवाजावरून पाण्याचा खारेपणा ओळखता येतो का, हे तपासलं. नाही येत, असं स्वतःच जाहीर केलं. जिनिंगमध्ये (सरकीपासून रुई वेगळी करण्याच्या कारखान्यात) आगी का लागतात हे शोधलं. आणि सगळ्यात जास्त वर्षं दिली ती विजेला, आभाळातल्या.

आता त्यांना शेवटचा विषय सापडला होता. स्वतःचं थांबणारं हृदय. दोन ठोक्यांच्या मधल्या त्या पोकळीत काय असतं, हे त्यांना एकदा जागेपणी पकडायचं होतं. यंत्र बसवलं की पोकळीच राहणार नाही, म्हणून होकार नव्हता.

"इतकी वर्षं दुसऱ्याचंच मोजत राहिलो," ते म्हणाले. "हे घरचं आहे. फुकट कावून (कशाला) घालवू?"

मी त्यांच्याशी वाद घातला, रागावले, आईची शपथही घातली. शेवटी ते गाडीत बसायला तयार झाले, पण अटीवर. वाटेत जिनिंगवर थांबायचं, मग दर्यापूरच्या अलीकडे एका वावरात जायचं, आणि यंत्राचं काय ते त्यानंतर ठरवायचं. पश्चिमेला ढगांची कड दिसू लागली होती. मी ती दाखवली. ते म्हणाले, म्हणूनच आज जायचं.

गाडी रफिकभाईंची. मामांचे जुने ओळखीचे, अकोटचेच. मी त्यांना बाजूला घेऊन डॉक्टरांच्या सूचना सांगितल्या तर त्यांचा चेहरा उतरला. "ताई, हे मले आधी सांगाले पाह्यजे होतं," म्हणाले, आणि गाडी इतकी हळू चालवू लागले की बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं. मामांनी मागून विचारलं, रफिक, वरात आहे का रे?

जिनिंग गावाबाहेरच होतं. हंगाम नुकता सुरू झालेला, अंगणात कापसाची पांढरी गंजी (ढीग) रचलेली. एकेकाळी इथे थंडीत दरसाल आग लागायची, आणि लोक बाहेरच्या कुणाच्या तरी विडीवर संशय घ्यायचे. मामांनी यंत्राजवळ नुसता उघडा हात धरून दाखवला होता. कोरड्या हवेत घासल्या गेलेल्या रुईवर वीज साठते, ती हातावरचे केस उभे करते, आणि कुठेतरी तिची ठिणगी पडते. त्यांनी ओली पोती टांगायला लावली, यंत्रांना जमिनीत जाणारी तार जोडायला लावली. पोती अजून टांगलेली होती. मामांनी माझा हात धरून यंत्राशेजारी नेला, आणि दूरच्या कोपऱ्यात, जिथलं पोतं वाळलं होतं, तिथे माझ्या हातावरची लव खरंच हळूहळू उभी राहिली. मला शिसारी आली. अंगावर काहीतरी चालतंय आणि दिसत मात्र नाही.

"हेच," मामा म्हणाले. "वावरात असं झालं तर विचार करत बसायचं नाही."

दर्यापूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार कलली होती आणि मागून आभाळ चढत होतं. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, झाडं विरळ, जमीन ताटासारखी सपाट. उभं राहिलेलं माणूसच इथे सगळ्यात उंच. त्या वावरापर्यंत गाडी जात नव्हती. डांबरी रस्त्यावर रफिकभाईंना थांबवून आम्ही धुऱ्याने (बांधाने) निघालो. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताचं वजन थोडं वाढलं तरी मी थांबत होते.

वावरात बायका सोयाबीन सोंगत होत्या. त्यांच्या मुकादम वच्छलाबाई, मध्यम वयाच्या, डोक्याला उपरणं बांधलेल्या. मामांना बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमी मेले असं आयकलं होतं."

"अर्धा," मामा म्हणाले. "तू कडवं विसरली का ते पाहाले आलो."

याच वावरात फार पूर्वी पाऊस आला म्हणून निंबाखाली गोळा झालेल्या बायकांवर वीज पडली होती. त्यानंतर मामा इथे आले. घड्याळ कुणाच्या हातात नसायचं, म्हणून त्यांनी बायकांचंच एक गाणं घेतलं. वीज चमकली की कुणीतरी एक कडवं सावकाश म्हणायचं. कडवं पुरं झाल्यावर गडगडाट आला तर वीज दूर आहे. सामान आवरून रस्त्याकडे निघायचं. कडवं मध्येच तुटलं तर निघायची वेळ गेली. मग झाडापासून लांब, एकमेकींपासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं. कुणी कुणाला धरायचं नाही, कारण जमिनीत शिरलेली वीज माणसांच्या साखळीतून जाते. आणि प्रत्येक गडगडाटानंतर एकेकीने पुढची ओळ म्हणायची, म्हणजे सगळ्या आहेत हे कळतं. बायका विळेही लांब फेकतात. मामांनी मला सांगितलं, की विळ्याने काही फरक पडत नाही, पण फेकला की हात रिकामे होतात आणि माणूस बसतं, म्हणून त्यांनी ते मोडलं नाही. वावरात सुरक्षित जागा नसतेच, कमी वाईट जागा असते, असंही म्हणाले. दर सोंगणीला ते येऊन बघत, बायका अजून तसंच करतात का. भीती जुनी झाली की लोक पुन्हा झाडाखाली जातात.

हे ते मला सांगत असतानाच वारा पडला. मग एकदम थंडगार सुटला. पश्चिमेला चमकलं, आणि वच्छलाबाईंनी कडवं उचललं. पहिल्यांदा ते पुरं झालं. बायका डबे उचलू लागल्या. मी मामांचा हात धरून रस्त्याकडे वळले, पण धुऱ्यावर ते माझ्या चालीने चालू शकत नव्हते. दुसऱ्यांदा चमकलं. कडवं दुसऱ्या ओळीवर तुटलं.

माझे पाय आपोआप निंबाकडे वळले होते. वच्छलाबाईंनी मला दंडाला धरून उलट दिशेला ढकललं. "तिकडं नाई, बाई. इथं बस. मास्तर तिथं. मधात जागा ठेव." विळे हवेतून गेले. काही क्षणांत त्या सपाट वावरात बायका अशा विखरून बसल्या जशी कुणी मूठभर माणसं पेरली असावीत. मामा माझ्यापासून एवढे लांब होते की त्यांची पांढरी टोपी दिसत होती, चेहरा नाही.

पाऊस तिरका आला. माझ्या हातावरची लव उभी राहिली आणि मला जिनिंगचा तो कोपरा आठवला. मग निंबावर पांढरं काहीतरी फुटलं. आवाज कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही, तो दातांत आणि मणक्यात आला. जळक्या लाकडाचा वास सुटला.

एकेक बाई ओळ म्हणू लागली. उजवीकडून सुरू झालं, एक आवाज, मग दुसरा, कापरे, पण येत होते. वच्छलाबाई. मग मी, मला शब्द येत नव्हते, मी नुसतं "आहे" म्हटलं. शेवटची ओळ मामांची.

ती आली नाही.

पांढरी टोपी खाली गेली होती. वच्छलाबाईंनी मोठ्यांदा पुन्हा हाक घातली, मास्तर, ओळ. पाऊसच ऐकू येत होता. मी उठले. मागून वच्छलाबाई ओरडल्या, "बस. बस खाली. दोघं एका जागी मरसान." त्यांचं बरोबर होतं, हे मला पळतानाही कळत होतं. चपलेला काळी माती चिकटून पाय उचलत नव्हते. चपला तिथेच सोडल्या.

मामा कुशीवर पडले होते. तोंड राखेच्या रंगाचं. नाडी लागेना; माझीच बोटं बधिर होती. त्यांना पाठीवर वळवलं, दोन्ही तळवे छातीवर ठेवले, आणि दाबणार तोच त्यांच्या घशातून विहिरीत बादली आपटावी तसा श्वास आला. डोळे उघडले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"तू इथं कावून आली?" ते पुटपुटले. मग माझी बाही घट्ट धरली. "जाऊ नको. मले भेव वाटून राह्यलं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी गेले नाही. वच्छलाबाई लांबून आम्हा दोघांना शिव्या देत होत्या आणि त्या मला ऐकायला बऱ्या वाटत होत्या. कडवं परत एकदा पुरं होईपर्यंत आम्ही तसेच होतो. मग बायकांनी मामांना ताडपत्रीत घालून रस्त्यापर्यंत उचलून आणलं. वच्छलाबाई मला म्हणाल्या, की पुढच्या साली येशील तर पायाला दोर बांधून बसवीन.

रफिकभाई आता वेगाने चालवत होते. अमरावतीचे दिवे दिसायला लागले तेव्हा मामांनी स्वतःहून विषय काढला.

"तिथं काही नाही, कुंदे. अंधारही नाही. ओळ म्हणायले तोंड उघडलं आन् मग तू. मधातलं काहीच नाही. पाहणाराच नव्हता तिथं." खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "पाहणारा नसल तर प्रयोग कशाचा. डाक्टरले सांग, लाव म्हणा."

दुसऱ्या दिवशी यंत्र बसलं. बाहेर बाकावर बसून मी पेल्यातला चहा गार होऊ दिला. नंतर डॉक्टर येऊन सगळं ठीक असल्याचं सांगून गेले, तेव्हा कोपऱ्यावर जाऊन अमरावतीचा प्रसिद्ध गिलावडा (गोड-तिखट दह्यातला वडा) खाल्ला, आणि खाता खाता रडू आलं. दुकानदाराने तिखट कमी करून देऊ का विचारलं.

संध्याकाळी मामा शुद्धीत, पडल्या पडल्या चौकशीला सुरुवात. वावरात ते खाली गेल्यापासून श्वास येईपर्यंत मी काय पाहिलं, ते सगळं सांग म्हणाले. किती वेळ गेला? मला सांगता येईना. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, आणि मी त्याकडे पाहिलं नव्हतं. तोंडाचा रंग सांगितला, टोपीचं सांगितलं, तळव्याखाली छाती लाकडासारखी होती ते सांगितलं. मामांनी मला थांबवलं नाही. शेवटी इतकंच म्हणाले, की बरं झालं, कुणी तरी होतं.

मी आता नाशिकला परत आले आहे. यंत्र चालू आहे, मामा अकोटला आहेत, रोज सकाळी फोन करतात. लोक म्हणतात आता काळजी मिटली. पण त्या वावरात जे काही झालं त्याची साक्षीदार मी एकटीच आहे. ज्यांचं ते झालं त्यांना त्यातलं काही माहीत नाही. त्यांच्या वाट्याची ती पोकळी माझ्याकडे आहे. भाजी चिरताना, बिलं भरताना, मध्येच हात थांबतो आणि तळव्याखाली ती छाती लागते, श्वास यायच्या आधीची.