बाटल्या धुणाऱ्या मावशी

बाटली स्वच्छ झाली की नाही, हे मावशी पाण्याला विचारत. धुतलेली बाटली खिडकीशी धरायची आणि आतून पाणी कसं उतरतं ते बघायचं. सलग उतरलं तर ठीक. कुठे थेंब अडकला की बाटली परत हौदात. "थेंब धरला की समजायचं, बाटलीच्या मनात अजून काय तरी हाय," असं त्या म्हणत.

आमची कर्करोगावरची प्रयोगशाळा अंबरनाथला, कारखान्यांच्या शेजारी होती. शरीराची प्रतिकारशक्ती या रोगाशी कशी झुंजते, ते तिथे शोधत. मी उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी वाढवत असे. ऐंशीच्या दशकात एकदा वापरून टाकायच्या बाटल्या आम्हाला कुठल्या परवडायला? काचेच्याच बाटल्या धुवायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या, पुन्हा वापरायच्या. साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरत. थोडक्यात, आम्हा सगळ्यांचं संशोधन मावशींच्या हातावर चाललं होतं, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे.

ब्रश त्या स्वतः निवडून आणत, उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून. प्रत्येक ब्रशचे केस तळहातावर घासून बघत. तिथला सिंधी दुकानदार एकदा वैतागून म्हणाला होता, "आंटी, बोतल धोनी है या लडकी देखनी है?" हे त्यांनीच आम्हाला हसत सांगितलं. एखाद्याने वापरलेली बाटली तशीच वाळू दिली, तर ती त्याच्या टेबलावर परत यायची. सोबत ठरलेलं वाक्य, "पीएचडी करताय आणि बाटलीत पाणी भरून ठेवायला हात दुखतो?" मला हे तीनदा ऐकावं लागलं.

एका वर्षी माझ्या पेशी सारख्या मरू लागल्या. तिसरा दिवस उजाडला की बाटलीत नुसता गाळ. महिनाभर हेच. मी चिडले होते, घाबरलेही होते, आणि दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. बाटल्या नीट धुतल्या जात नाहीत, अशी चिठ्ठी मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, आमच्या सरांना, लिहून दिली. आठ वर्षं हंगामी असलेल्या मावशींना कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात सरांसमोर आला होता. सरांनी तो बाजूला ठेवला.

मावशी भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे ब्रश ठेवून म्हणाल्या, "ताई, आठ दिवस तुमच्या बाटल्या तुम्हीच धुवा. मी शिवत नाय. मग बघू."

मी धुतल्या. हातांची सालं निघाली. आणि पेशी पुन्हा मेल्या.

मग कुठे माझी नजर माझ्या कामाकडे वळली. पेशींना अन्न म्हणून घालायचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, आधी अर्धा तास ठरावीक गरम पाण्यात ठेवायचं असतं. मी ते ठेवून खाली चहाला जात असे, आणि गप्पांच्या नादात तासाने परतत असे. पाणी किती तापलंय हे बघायची तसदीही मी कधी घेतली नव्हती. मी पेशींना शिजलेलं अन्न घालत होते. धावत धुण्याच्या खोलीत जाऊन मी मावशींची माफी मागितली.

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली नाही. "मला कशाला सांगताय? चिठ्ठी ज्यांना दिली, त्यांना सांगा."

सांगणारच होते. पण माझी शिष्यवृत्ती वाढवायची मुलाखत पुढच्या सोमवारी होती. ती होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. मुलाखत झाली, शिष्यवृत्ती वाढली, आणि सरांपुढे उभी राहिले तेव्हा कायम होणाऱ्यांची यादी वर गेलेली होती. सर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. ती पुढची वेळ आलीच नाही. मावशी हंगामी म्हणूनच घरी बसल्या. हंगामी माणसाला निरोपसमारंभ नसतो.

प्रबंध बांधून आला तेव्हा एक प्रत घेऊन मी उल्हासनगरला त्यांच्या घरी गेले. ऋणनिर्देशात सरांच्या खालोखाल त्यांचं नाव होतं. इंग्रजीतला तो परिच्छेद त्यांच्या मुलीने वाचून मराठीत सांगितला. 

"चांगलं लिवलंय," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीचं कुठं लिवलंय?"

ते कुठेच नव्हतं. मी तसं सांगितलं.

त्यांनी पदराने पुठ्ठा पुसला आणि प्रबंध माझ्या हातात परत दिला. "मग हे तुमच्यापाशीच असू द्या, ताई. बसा, चहा ठेवते."