दोन रेझिस्टर आणि मावशीचा हात

बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहून मी शेजारच्या एका छोट्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड डिझाइन करायचे, तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागायचे. तेव्हा जीव वैतागायचा. आता त्या दमट वासाचीही आठवण येते.

त्या वर्षीच्या बोर्डावर क्लॉक बफर होता, म्हणजे एक ठेका अनेक चिपांना वाटून देणारी चिप. तिला सिग्नल मी कपॅसिटरमधून दिला होता. याला एसी कपलिंग म्हणतात. कपॅसिटर वरखाली होणारी लाट सोडतो, पण तिची पातळी अडवतो. ती पलीकडे पुन्हा बांधून द्यावी लागते. दोन सारखे रेझिस्टर, एक ३.३ व्होल्टला, एक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. मग लाट मधोमध, १.६५ व्होल्टवर झुलते. झोक्याला फांदी लागतेच ना! मी शहाणी ते दोन रेझिस्टरच विसरले. आणि तरी बोर्ड चालले. मग काय, माझे पाय जमिनीवर नव्हते.

बोर्ड पुण्याला गेले आणि तिथल्या कोरड्या खोलीत बंद पडले. खापर फुटलं कारखान्यातल्या मावशीच्या डोक्यावर; सगळे तिला मावशीच म्हणायचे. मूळची उमरठची, कंत्राटावर सोल्डरिंग करायची, म्हणजे वितळलेल्या धातूने बोर्डावर सुटे भाग जोडायची. "काम कच्चं आहे, सोमवारपासून येऊ नका," साहेब सगळ्या पोरींसमोर म्हणाले. मलाही तेच खरं वाटलं. ती बिचारी दोन दिवस परत आलेल्या बोर्डांचा एकेक जोड पुन्हा तापवत बसली.

पण जोड न तापवलेला बोर्डही इथे चालला, म्हणून शनिवारी मी तो हेअर ड्रायरने वाळवला. बंद. त्यावर तोंडाची वाफ सोडली. चालू! आमच्या हवेतला ओलावाच माझ्या रेझिस्टरांचं काम करत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

साहेबांना सांगितलं, मावशीचं काम टिकलं. मी माफी मागायला गेले तर ती म्हणाली, "माझा हात कच्चा नाय ना? मग मला एकटीला नको सांगू गो. ते पोरींसमोर बोलले, तू पण पोरींसमोर बोल."

चहाच्या सुट्टीत मी बोलले. चूक माझी, मावशीचा हात पक्का. तिने पदराने डोळे टिपले आणि हात पुढे केला. "आण ते रेझिस्टर. लावते."

त्यातला एक बोर्ड आज पुण्यात माझ्या टेबलावर आहे. नंतर जोडलेले दोन रेझिस्टर त्यावर वाकडे दिसतात. इतकी वर्षं झाली, तिचा एकही जोड सुटलेला नाही.