दुधाचे दात पडल्यावर ये

आमच्या कुंडल गावात पन्नाशीच्या आतल्या ज्याला म्हणून पोहता येतं, त्याला ते रसूलचाचांनी शिकवलेलं असतं, नाहीतर चाचांनी शिकवलेल्या कुणीतरी. मी पहिल्यातला. आज सांगलीत एका तरण तलावावर शिक्षक आहे, गळ्यात शिट्टी आहे, भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. पण विहिरीत पहिला पाय टाकला तो चाचांच्या धाकानं, आणि तोही बोंब मारत.

चाचांचा खरा धंदा विहिरींचा. त्यांचे वडील कोरेगावकडून विहिरी खोदायला म्हणून आले आणि इथलेच झाले. तळाशी अडकलेली मोटर असो, निसटलेली कळशी असो, बोलावणं चाचांना जायचं. दम असा, की वर उभ्या असलेल्या माणसाचा श्वास कोंडायचा. कधी माणूस पडलं तरी त्यांनाच हाक यायची. त्या कामाबद्दल ते घरी मदिनाबी चाचींपाशीही बोलत नसत. एकदाच मला म्हणाले होते, "मी काढलेल्यातल्या निम्म्यांना पोहता येत हुतं, विश्वा."

उन्हाळी सुट्टी लागली की त्यांच्याकडे पोरांची रीघ लागायची. कुणी फार लहान पोर आणलं, तर चाचा त्याला तोंड उघडायला सांगत आणि बैल घेताना बघतात तसे दात बघत. "पडलं न्हाईत अजून. दुधाचं दात पडल्यावर ये." आईबापांनी कितीही गळ घातली तरी ऐकायचे नाहीत. पडक्या दातांची पोरं तेवढी रांगेत उभी राहायची. त्यांनाही पहिले तीन दिवस पोहणं नाहीच. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा, पायरीवरून पाण्यात ढकलून द्यायचं आणि सांगायचं, आता बाहेर ये. पायरी शोध, भिंत धर, खाच धर, पण तुझा तू वर ये. ज्याला बाहेर येता येत नाही त्यानं आत जायचं नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. आणि पाण्यात पोर असलं की चाचा कुणाशी बोलायचे नाहीत. एकदा सरपंच काठावर येऊन अर्धा तास काहीबाही विचारत होते. चाचांनी मान वळवली नाही की हूं केलं नाही. सरपंच महिनाभर रुसले होते.

या माणसाचा चेला असून मी तान्ह्यांचा वर्ग काढला. तीन वर्षांपूर्वी. सहा महिन्यांपासून पुढची बाळं, कोमट पाणी, आयांचे हात. बाळं खिदळायची, थापट्या मारायची. रात्री गाढ झोपतात म्हणून आया खूश. यात खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते तलावाबाहेरच्या फलकावर. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपलं बाळ चालण्याआधी पोहायला शिकेल'. माझ्या तोंडून ते इतक्यांदा निघालं, की मला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

वर्गातलं माझं सगळ्यात हुशार बाळ म्हणजे माझाच मुलगा, साईराज. काठावरून पाण्यात सोडला की गटांगळी खाऊन वर यायचा, पाठीवर वळायचा आणि आकाशाकडे बघत तरंगायचा. याचा व्हिडिओ मी गावभर पाठवला होता. रसूलचाचांनी तो बघून काहीच कळवलं नव्हतं, आणि ते मला लागलं होतं. शिष्याला गुरूची शाबासकी लागते. ती घ्यायलाच मी मेच्या त्या रविवारी साईराजला आणि माझ्या बायकोला, पूजाला, घेऊन गावी आलो. साईराज तेव्हा वीस महिन्यांचा होता.

जयराजदादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या वस्तीवर त्या दिवशी चाचाच होते. दादाच्या विहिरीतली मोटर अडकली होती. चाचा आता एकाहत्तरचे, गुडघे गेलेले, पाण्यात उतरत नाहीत, पण कुणी कुठं उभं राहायचं आणि दोरी कधी ओढायची हे त्यांनीच सांगायचं. सकाळभर खपून मोटर वर आली. दादा ती धुवायला लागला. चाचा द्राक्षाच्या पालथ्या क्रेटवर चहा घेत बसले, पायाशी दोरीचं वेटोळं. आई अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होती. पूजा आत स्वयंपाकघरात होती. साईराज अंगणात कोंबड्यांच्या मागं दुडदुडत होता.

विहिरीपासून पन्नास-साठ पावलांवर दादाचं शेततळं. द्राक्षबागेसाठी केलेलं, कालव्याच्या पाण्यानं पुरुषभर भरलेलं, आतून काळा प्लॅस्टिकचा कागद, पाण्याच्या वर दोन-तीन हात त्याच कागदाची उतरण. भोवती जाळी होती, फाटकही होतं. पण मोटरीच्या कामासाठी विहिरीतलं पाणी उपसून तळ्यात सोडायला पाइप टाकला होता, आणि पाइपामुळं फाटक लागत नव्हतं. कुणी म्हणालंही नाही की ते बंद करा.

मी चाचांसमोर उकिडवा बसून माझी बाजू मांडत होतो. मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरला होता. चाचा ऐकत होते, चहा फुंकत होते.

आई खाटेवरून म्हणाली, "विश्वा, पोरगं तळ्याकडं चाललंय बघ."

मी मागं वळून पाहिलं नाही. हसत म्हणालो, "जाऊ दे गं, येतंय त्याला पाणी."

आणि चाचांना पुढं सांगू लागलो. पाण्याची सवय लहानपणीच लागली की पोरं घाबरत नाहीत, घाबरत नाहीत म्हणून बुडत नाहीत, असंच काहीतरी. माझं पोर पाण्याकडे चाललं होतं आणि मी बसून व्याख्यान देत होतो.

चाचांनी कप खाली टाकला. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस, ज्याला क्रेटवरून उठायला एरवी दुसऱ्याचा हात लागायचा, दोरी उचलून पळायला लागला. त्यांना पळताना बघून मला कळलं की काय होतंय. तोवर ते फाटकापर्यंत पोचले होते.

मी त्यांना मागं टाकून बांधावर चढलो. साईराज काठापासून चार-पाच हात आत होता. पाठीवर होता. शिकवलं होतं तसा, आकाशाकडे तोंड. पण तलावात तो उघड्या अंगानं असायचा, इथं अंगात सदरा, कमरेला पाण्यानं फुगलेला डायपर. कंबर खाली ओढली जात होती आणि तोंड पाण्याखाली जाऊन वर येत होतं. वर यायला प्रत्येक वेळी जास्त वेळ लागत होता. मी उडी मारली तेव्हा तोंड खालीच होतं.

त्याला धरायला मला दोन हात मारावे लागले. छातीशी घेतला, वर उचलला, त्याला ठसका लागला आणि तो रडला. जगातला तेवढा गोड आवाज मी पुन्हा ऐकणार नाही. सुटलो, असं मला वाटलं.

काठाशी आलो. वरची कड दोन-तीन हातांवर होती. मी कागदावर पाय टेकला आणि घसरलो. पुन्हा टेकला, पुन्हा घसरलो. कागदावर शेवाळ होतं, साबण लावल्यासारखं. धरायला खाच नाही, पायरी नाही, गवताची काडी नाही. तीन-चारदा झेपावलो आणि दर वेळी आधीपेक्षा खोल गेलो. एका हातात पोर वर धरलेलं, पायाखाली काही नाही. मी रोज दोन तास पोहणारा माणूस, पण दोन मिनिटांत माझी छाती फुटायला आली. आपण दोघं इथंच जाणार, हे मला स्वच्छ दिसलं. काठावर आई ऊर बडवत होती. पूजा अनवाणी धावत येत होती.

दादा सदरा काढून उडी मारणार, एवढ्यात चाचांनी त्याच्या कानफटात मारली. "तू उतरलास तर तिघंबी जातील. दोरी बांध जाळीच्या खांबाला!" मग मला ओरडले, "विश्वा, वर चढू नगंस! उताणा पड. पोरगं छातीवर घे. पाय हलव निस्तं."

मी विहिरीतल्या पोरासारखं त्यांचं ऐकलं. उताणा झालो. साईराज माझ्या छातीवर, त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली. माझ्या कानांत पाणी होतं, तरी चाचांचा आवाज येत होता, "घाई न्हाई. घाई न्हाई. आलो."

पहिल्यांदा टाकलेला दोरीचा फास लांब पडला. दुसऱ्यांदा हाताला लागला. मी पोराला वर द्यायला बघितलं, तसे चाचा कडाडले, "पोरगं आधी न्हाई! आधी दोरी काखंत घाल. तू गेलास तर त्ये बी जाईल." मी एका हातानं फास डोक्यावरून काखेत सारला. किती वेळ लागला सांगता येत नाही. मधेच साईराजचं रडणं थांबलं. मला वाटलं संपलं. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला, जोरात, आणि तो पुन्हा रडला.

दादानं आणि पूजानं ओढलं. चाचा काठावर पालथे पडून हात खाली सोडून होते. त्यांनी आधी माझी मानगूट धरली आणि मग पोराचा सदरा. आम्ही दोघं कागदावरून घासत वर आलो. माझ्या पाठीची सालटी निघाली होती, ते मला संध्याकाळी कळलं.

साईराजनं पाणी ओकलं, दूध ओकलं. ओठ निळे होते. पलूसच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि थांबू नका म्हणाले, सांगलीला न्या. गाडीत चाचा पुढं बसले होते, त्यांचे कपडे चिखलानं भरलेले. वाटेत त्यांचा हात सारखा मागं येऊन पोराच्या पायाला लागत होता. पाय गरम आहे का बघत होते.

संध्याकाळी सांगलीच्या डॉक्टर म्हणाल्या, छाती साफ आहे, रात्रभर ठेवू आणि बघू, पण पोरगं धोक्यातून बाहेर आहे. पूजानं हात जोडले. मग ती चाचांच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळून रडत म्हणाली, "तुम्ही शिकवलं होतंत म्हणून तो तेवढा वेळ तरंगला. दुसऱ्याचं पोर गेलं असतं."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तसंही असेल. मला छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण इतक्या लहान मुलाला पोहता येतं असं धरून कुणी चालू नये."

पूजानं त्यातलं पहिलं वाक्यच ऐकलं. बाकावर बसून तिनं आमच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. साईराज शेततळ्यात पडला, पण शिकवल्याप्रमाणे पाठीवर वळला, त्याच्या बाबांनी उडी घेतली, देवाची कृपा आणि या वर्गाची कृपा. बघता बघता उत्तरं यायला लागली, पूजा ती आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवू लागली. जोडलेले हात, फुलं. आमच्याही बाळाचं नाव घ्या. माझ्या बहिणीच्या बाळाचं पण घ्या, आठ महिन्यांचं आहे.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. चाचा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, गुडघे चोळत. मी शेजारी बसलो. मला रडू आवरेना.

"चाचा, आई काय म्हणाली आणि मी काय म्हणालो, ते तुमी ऐकलंय. पूजाला का नाही सांगितलंत?"

चाचा म्हणाले, "मी सांगितलं तर तिच्या मनातनं तू कायमचा उठशील. तू सांगितलंस तर लय चिडंल, पर ऱ्हाशील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आणिक कुणाचं तरी आठ महिन्याचं काढायला जावं लागंल. माझ्यानं आता हुत न्हाई रं ते."

मी आत गेलो. साईराज झोपला होता, हाताला सुई, दंडावर माझ्या चिमट्याचा लाल डाग. पूजाच्या समोर उभा राहून मी सगळं सांगितलं. आईनं हाक मारली होती. मी वळूनही पाहिलं नव्हतं. चाचा आधी उठले, मी नाही. साईराजची पाण्याची भीती मी घालवली होती, आणि त्याच्या बरोबरीनं आपली सगळ्यांची. भीती असती तर तो काठावर थांबला असता की नाही, देव जाणे. पण मी बसून राहिलो नसतो.

तिनं मला शिवी दिली नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं फोन उचलला, ग्रुपवरचा स्वतःचा मजकूर पुसून टाकला आणि फोन माझ्या हातात दिला.

"आता तुम्ही लिहा," ती म्हणाली. "मी इथंच बसलेय. वाचून दाखवा आणि मग पाठवा."

मी लिहिलं. मी साईराजचा बाप आहे आणि त्याचा शिक्षकही. तो पाण्याकडे जातोय हे मला सांगितलं होतं, आणि त्याला पोहता येतं म्हणून मी उठलो नाही.