मिशी नसलेला शिपाई

पेंटरकाकांना माणूस एकदा पाहिला की पुरे. पांढरकवड्यात ट्रकच्या मागच्या फळ्यांवर ते फोटो न बघता चेहरे काढत. "फोटो पाहून तं कोनीबी काढते," म्हणत. तोंडाने फटकळ, पण माणूस लाखाचा.

लढाईच्या वर्षी त्यांना स्टँडसमोरच्या भिंतीवर फौजभरतीची जाहिरात रंगवायचं सरकारी काम आलं. सोबत छापील नमुना होता: गोरापान, धारदार नाकाचा, मिशाळ शिपाई. काका म्हणाले, "हा आपल्या इकडचा दिसतच नाही. याले पाहून आपले पोट्टे कायले जातीन?" आणि शेजारच्या घरातून, म्हणजे आमच्याच, माझ्या भावाला ओढून नेलं. चेहरा काकांना पाठच होता, पण उभं राहण्याची ऐट हवी म्हणून दोन दिवस भाऊ रंगाच्या पिंपावर, बंदुकीऐवजी खांद्याला बांबू लावून उभा. मी सात वर्षांची, खाली बसून त्याला हसवायची. शेवटी तो हसराच भिंतीवर गेला. नमुन्यात होती म्हणून मिशी तेवढी काकांनी वरून दिली.

मग सगळे त्याला 'फौजी' म्हणून चिडवू लागले. एकोणीस वर्षांच्या पोराला असं चिडवलं की काय होतं, ते मी सांगायला नको. महिन्याभरात तो नागपूरला जाऊन खराच भरती झाला. पुढच्या वर्षी सरहद्दीवरून तार आली, तो आलाच नाही.

आईने काकांशी बोलणं टाकलं. काका रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत, "वहिनी, शिव्या तरी द्या," म्हणत आणि तसेच उठून जात. काही महिन्यांनी पलटणीतून भावाचा फोटो आला. टोपी डोळ्यांवर, ओठ घट्ट मिटलेले. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. "हा माहा नाही," म्हणत आईने तो बाजूला सारला आणि पदर खोचून थेट काकांकडे गेली. "पेंटरभाऊ, मिशी पुसा. माह्या पोराले मिशी कुठं होती?"

काकांनी त्याच दुपारी रडत रडत मिशी खरवडली आणि ओठ नव्याने काढले. भरतीच्या साहेबाने हटकलं तर म्हणाले, "नवा रंगरूट आहे साहेब. फुटली नाही अजून." त्यानंतर फौजेचं एकही काम त्यांनी घेतलं नाही. दर दिवाळीआधी मात्र शिडी लावून भावाचा चेहरा उजळत. आई खालून सांगे, "गाल भरा थोडे." काका हो म्हणत आणि आपलंच खरं करत. आई गेल्यावरही त्यांनी एक दिवाळी चुकवली नाही.

रस्ता रुंद करताना ती भिंत पडली. मी कागद-पेन्सिल घेऊन काकांकडे धावले. वयामुळे त्यांच्या हातात आता रेघ ठरत नव्हती. चार कागद फाडून ते म्हणाले, "हात गेला पोरी. थोबाड मात्र जसंच्या तसं आहे माह्यापाशी. बस, सांगतो." आणि डोळे मिटून सांगू लागले: डाव्या भुवईत खोक, हसताना उजवा गाल आधी वर चढायचा, पुढचा दात जरासा तिरका. पुढे प्रत्येक माहेरपणाला मी त्यांच्याकडे जाऊन हे ऐकायची. दर वेळी ते तितक्याच मन लावून सांगत.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. त्यांच्यावाचून करमत नाही मला. परवा नातीने विचारलं, "आजी, तुझा भाऊ आठवतो का गं तुला?" मी हो म्हणाले. भुवई सांगितली, गाल सांगितला, दात सांगितला. पण आठवू गेले तर भाऊ दिसत नाही. डोळे मिटून त्याचा चेहरा सांगणारे काका दिसतात.