पडद्यावर न आलेला भाग

येडशीला बदली होऊन आले तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. लग्न मी केलं नव्हतं, त्यामुळं मागं कुणी राहिलं नव्हतं आणि सोबतही कुणी आलं नव्हतं. स्टेशनच्या रस्त्यावर एक खोली घेतली. शाळा तिथून सात किलोमीटर आत, सातवीपर्यंतची. सोबतचे गुरुजी पहिल्याच महिन्यात दुसऱ्या शाळेवर गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. बावीस मुलं आणि मी.

शाळेत एक मोठा टीव्ही होता, कुठल्याशा योजनेतून आलेला. तो खोक्यातच पडून होता. सरकारी वाहिनीनं शाळेसाठी केलेले कार्यक्रम इंटरनेटवर फुकट ठेवलेत, हे मला एका प्रशिक्षणात कळलं होतं. गावात रेंज नव्हती. म्हणून संध्याकाळी मी येडशी स्टेशनच्या बाकावर बसून ते मोबाइलवर उतरवून घ्यायची आणि पेनड्राइव्हवर टाकून शाळेत न्यायची. टीव्ही सातवीला पाठ शिकवी, तेवढ्यात मी पहिली-दुसरीची अक्षरं गिरवून घेई.

खरं सांगायचं तर त्या कार्यक्रमांची गरज मुलांपेक्षा मलाच जास्त होती. खोलीवर भाकरी थापताना मी ते लावून ठेवायची. विज्ञानाचे पाठ घेणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सावकाश बोलायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "समजलं का?" तव्यावर भाकरी उलटत मी "हो" म्हणायची. दिवसभरात मोठ्या माणसाचा तेवढाच आवाज कानावर पडायचा.

सातवीत पाचजण होते. त्यात एक मुलगी फार हुशार होती. तिचे वडील गावात शिलाईकाम करायचे. गावात मुसलमानांची घरं दोन-तीनच. पाठ चालू असताना ती हात वर करायची, "मॅडम, थांबवा ना. करून बघू." हवेच्या दाबाचा पाठ लागला त्या दिवशी तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेल्या पेल्यावर वहीचा पुठ्ठा ठेवला आणि पेला उलटा केला. पुठ्ठा पडला नाही. सगळी शाळा गोळा झाली. मग एकानं "मी करतो" म्हणून पेला घेतला आणि पहिलीच्या पोरांच्या डोक्यावर सगळं पाणी! मी इतकी हसले की मला स्वतःलाच नवल वाटलं.

सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिन आला. झेंडावंदनानंतर दाखवायला मी निजामाच्या राजवटीवरचा एक जुना कार्यक्रम उतरवला होता. एरवी प्रत्येक पाठ मी आधी पूर्ण बघायची. त्या आठवड्यात मात्र शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं काम मागं लागलं होतं. सुरुवातीची पाच मिनिटं पाहिली, चांगला वाटला, लावला.

कार्यक्रमात रझाकार आले. जळलेली गावं, पळणारी माणसं, चढ्या आवाजातलं निवेदन. त्यात खोटं काही नव्हतं. पण निजामाशी लढलेल्यांत मुसलमानही होते, हे त्यात कुठं नव्हतं. मागच्या बाकावरून एक मुलगा हसत म्हणाला, "ए, बघ तुमची माणसं."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती पडद्याकडंच बघत राहिली.

मी काय करायला हवं होतं ते आता मला नीट सांगता येतं. टीव्ही बंद करायचा, सगळ्यांना जवळ बसवायचं आणि बोलायचं. त्या क्षणी मी फक्त "गप बसा रे" म्हणाले आणि दुसरीच्या मुलाची पाटी तपासायला वळले. कार्यक्रम शेवटपर्यंत चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वडील मशिनवरून उठले, खुर्ची पुसून दिली.

"अंग दुखतंय म्हणती," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, "तुमची चूक न्हाय मॅडम. पोरं हायती, बोलत्यात."

"चूक माझीच आहे," मी म्हणाले. "मी आधी बघायला पाहिजे होतं. आणि तो बोलला तेव्हा मी गप्प राहायला नको होतं."

आतल्या खाटेवर मुलीची पणजी बसली होती. ऐंशीच्या पुढची, नजर अधू झालेली. घरात तिला सगळे बडी अम्मा म्हणायचे. तिनं विचारलं, "बाई, त्या टीव्हीत फौज आल्यावर पुढं काय दाखवलं?"

"तिरंगा फडकला. तिथं संपलं."

"संपलं व्हय?" ती म्हणाली.

सोमवारी मुलगी शाळेत आली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक झाली. निजामाच्या विरोधात कोण कोण लढलं आणि राजाचा आणि एखाद्या घराचा धर्म एक असला म्हणून राजानं केलेलं त्या घराच्या माथी येत नाही, हेही सांगितलं. त्या मुलानं "चुकलो" म्हटलं, त्याला रडूच आलं. मुलं दोन दिवसांत ते विसरून खेळायला लागली. ती मात्र दाराजवळ बसू लागली. पाठ चालू असताना "थांबवा" असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या घरून निरोप आला, बडी अम्मा बोलावतात. मी गेले. तिनं घरच्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाली, "तुमच्या मोबाइलात आवाज धरता येतो म्हणं. धरा."

ती तासभर बोलली. अठ्ठेचाळीस साली ती सात वर्षांची होती. बाप कापूस पिंजायचा. शेजारी एक लिंगायत व्यापारी. रझाकारांनी त्याच्या भावाला भर बाजारात मारलं होतं. भारताची फौज आली, निजाम हरला, आणि मग रझाकारांवरचा राग निघाला तो तिच्या बापासारख्या गरीब मुसलमानांवर.

"त्याच शेजाऱ्यानं आमाला कडब्याच्या गंजीत लपवलं, बाई. दोन दिस. त्याची बायको भाकरी आणून द्यायची, तोंडातनं एक शब्द काढायची न्हाय. म्या पाण्यासाठी रडले. बाप घागर घेऊन गेला. आला न्हाय."

मोबाइल चालूच होता.

"पोरांना दाखवू का?" तो बंद करत मी विचारलं.

"मी हाय तोवर न्हाय. कुणाच्या घराचं नाव निघंल, उगा वाईटपणा. तुमी एकट्या हाय, तुमच्यापाशी ऱ्हाईल, म्हणून सांगितलं."

मी शब्द दिला. तेव्हापासून ते माझ्यापाशी राहिलं. मी वाहिनीला पत्र पाठवलं की त्या कार्यक्रमाला पुढचा भाग हवा. सूचनेबद्दल आभार मानणारं दोन ओळींचं उत्तर आलं. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना हे सांगावं असं अनेकदा वाटलं. पण तिला शब्द दिला होता. काही संध्याकाळी भाकरीच्या वेळी विज्ञानाचा पाठ लावायला जाऊन हात त्या आवाजावर थांबायचा. ऐकणं व्हायचं नाही, पुसणंही व्हायचं नाही.

मुलगी सातवी पास होऊन कळंबला शिकायला गेली. दोन वर्षांनी बडी अम्मा गेली. मी माती द्यायच्या दिवशी जाऊन आले. वडिलांना रेकॉर्डिंगचं सांगितलं तर ते म्हणाले, "राहू द्या मॅडम. आता कशाला काढायचं?" त्यांचा चेहरा बघून मी पुन्हा विषय काढला नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी दार वाजलं. ती उभी होती. दहावीत गेलेली, माझ्याएवढी उंच.

"अब्बा म्हणाले, तुमच्याकडं बडी अम्माचा आवाज आहे. म्हणाले, तुला पाहिजे असेल तर तूच माग."

मी पाणी दिलं. ती पलंगावर बसली, मी खाली सतरंजीवर. मोबाइल आमच्यामध्ये ठेवला. तासाभराचं ते रेकॉर्डिंग लावलं. पाण्याचा भाग आला तेव्हा तिनं हात वर केला.

"मॅडम, थांबवा."

मी थांबवलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "लावा."

ऐकून झाल्यावर तिनं ते आपल्या मोबाइलवर घेतलं. चहा घेताना मला विचारलं, "हे इतिहासात धरतात का?"

"धरायला पाहिजे," मी म्हणाले.

"मी लिहून काढणार आहे. नावं गाळून." मग जरा चाचरत, "तुम्ही इतकी वर्षं हे एकट्याच सांभाळत होता?"

"हो," मी म्हणाले.

तिला साडेपाचची कळंबची एसटी धरायची होती. मी थांब्यापर्यंत गेले. गाडीत चढून तिनं खिडकीतून हात केला, शेजारी बसलेल्या बाईनं काहीतरी विचारलं आणि ती तिच्याशी बोलायला लागली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. खोलीवर येऊन मी दोन्ही कप धुतले आणि उद्याच्या पाठाचा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला बसले.