पाचवा शब्द

पहाटे चारला पेंटरचे डोळे उघडत, तेव्हा अक्षरं आधीच जागी असत. अंधाऱ्या भिंतीवरून ती एकामागून एक चालत जात. त्यांना वजन नसे, घाई नसे. पाच शब्दांचं विद्यापीठाचं नाव. गेलं वर्षभर त्यानं दुसरं काही रंगवलंच नव्हतं. पूर्वी एका दारावर अर्धं नाव, दुसऱ्यावर जुनं, तिसऱ्यावर नुसतं बोलण्यातलं. आता एकच, पूर्ण, सगळीकडे सारखं, असं वरून ठरलं होतं.

उरली होती मुलींच्या वसतिगृहाची कमान. ती झाली की सगळी मजुरी हातात येणार होती आणि तिच्यातून घराच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडायची होती. बायको भरदुपारी दिवा लावून सदऱ्यांना काजं करी. तिचे डोळे गळायला लागले होते. गवंडी उद्याचा दिवस मोकळा होता; परवा तो परगावच्या कामावर जाणार.

"आज आटोपेल ना?" बायकोनं विचारलं.

"आटोपतंय."

"माझं नाव कधी एवढ्या मायेनं लिहिलंत का हो?"

"तू कमान हो, मग लिहितो."

कमानीवर नाव लिहायचं तर मधलं अक्षर आधी, मग दोन्ही अंगांना. हात बसलेला माणूस यात चुकत नाही. त्या दिवशी त्यानं डावीकडून सुरुवात केली. ऊन कोवळं होतं. शिडीवर डोळ्यांपुढे खिडकी तरंगत होती, तिच्यातला उजेड बायकोच्या बोटांवर सांडला होता. ब्रश त्या उजेडातच चालत राहिला. चार शब्द झाले आणि कमान संपली.

खालून मुकादम हसला. "पेंटरदादा, पाचवा शब्द काय कुंपणावर लिहिणार?"

पेंटरनं ब्रश डब्यात ठेवला.

"राहू दे की! आपण कुठे राहतो ते पोरींना ठाऊक आहे. मी सही करतो, पैसे घ्या नि सुटा."

पेंटर उतरला. लांब जाऊन पाहिलं. सख्ख्या भावाला रस्त्यात हाक मारावी आणि भलत्याच माणसानं वळून बघावं, तसं ते नाव दिसत होतं. रंगवलेली बाकीची दारं कुठल्या दुसऱ्याच विद्यापीठाची वाटू लागली.

"पुसतो," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का? मग आज पैसे नाहीत हं!"

"नकोत."

रंग ओला होता तोवर चिंधीनं पुसला. खाली अस्तराचा हात पुन्हा द्यावा लागला, तो वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी मधून सुरुवात केली. अक्षरं लहान घेतली, पण उंची-रुंदीचं प्रमाण इतर दारांवरचंच. मान आखडली, पोटऱ्यांचं लाकूड झालं. संध्याकाळी पाची शब्द कमानीवर असे निवांत बसले, की दगडातूनच उगवले असावेत.

मुकादमानं सही केली. गवंड्याचा मोकळा दिवस मात्र सरला होता; सकाळी तो परगावी निघून गेला.

बायकोनं आणखी दोन दिवस दिव्याखालीच काजं केली. मग म्हणाली, "असा काय मोठा होता तो पाचवा शब्द?"

"मोठा नव्हता. नावात होता."

दुसरा गवंडी मिळेपर्यंत थंडी सरली. मग एका सकाळी भिंतीला भगदाड पडलं, चौकट बसली. मजुरी सगळी त्या चौकटीत, दोन झडपांत आणि काचांत गेली. धूळ खाली बसायच्या आतच बायकोनं पाट तिथे ओढला आणि पहिल्याच खेपेला सुईत दोरा ओवला.