मामा, उघडी गाडी आणि बोलायची बंदी

माझ्या पत्नीच्या मामांच्या मते पृथ्वीवर माणसांचे दोनच प्रकार आहेत: गाडी चालवणारे आणि गाडीतून नेले जाणारे. जात, शिक्षण, मिळकत हे बाकीचे भेद त्यांना फारसे मान्य नाहीत. मला त्यांनी माझ्या लग्नाच्या दिवशीच दुसऱ्या प्रकारात टाकले आणि त्यांचे चुकले असे मी आजही म्हणू शकत नाही. मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. घाईने मत बनवावे आणि मग सावकाश पस्तावावे, हा माझा स्वभाव आहे. माझी पांढरी मोटार सोलापुरातल्या सात रस्ता चौकात उजवीकडे वळवताना अजूनही माझ्या तळहातांना घाम सुटतो. मामांनी एकदाच माझ्या शेजारी बसून हा देखावा पाहिला आणि उतरताना एवढेच म्हणाले, "जावईबापू, गाडी चांगली हाय की. तिला एकटीला जाऊ द्या."

मामांची स्वतःची गाडी म्हणजे एक फार जुनी, दोनच माणसे बसतील अशी, इंग्रजी बनावटीची शर्यतीची उघडी मोटार. तिचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मामाही ते कधी घेत नाहीत. ते तिला "ती" म्हणतात, आणि मामी तिला "तुमची ती" म्हणतात. लांब नाक, तारांच्या आऱ्यांची चाके, आणि बैठक इतकी खाली की शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या गुडघ्याशी आपली नजर भिडावी. मामा एका कापड गिरणीत मागांवर देखरेख करणारे विव्हिंग मास्तर होते. ही मोटार गिरणीच्या कुणा जुन्या साहेबाची. सरकीच्या पोत्यांमागे कित्येक वर्षे पडून होती. गिरणी बंद पडली, यंत्रे भंगारात निघाली, त्या भंगारात हीही निघाली. आयुष्यभर सांभाळलेले माग तुकडे होऊन ट्रकमध्ये चढताना मामांनी पाहिले, आणि उरलेल्यातली एवढी एकच वस्तू ते घरी घेऊन आले. बैलगाडीला मागे बांधून आणली, असे मामी सांगतात. मामा म्हणतात, बैल नुसते सोबतीला होते.

पुढची काही वर्षे त्यांनी ती दुरुस्त करण्यात घालवली. तिचे सुटे भाग या देशात मिळत नव्हते आणि परदेशातून मागवणे मामांना कमीपणाचे वाटत होते. मग मागाच्या चामडी पट्ट्याने तिचे नाक बांधले गेले. गिअरच्या दांड्यावर मूठ हवी होती, ती मागावरच्या जुन्या धोट्याचे लाकूड घासून केली. सुतामागे धावून धावून गुळगुळीत झालेले ते लाकूड आता मामांच्या हाताखाली आणखी गुळगुळीत झाले आहे. गाडीवर पांघरायला त्यांनी आच्छादन घेतले नाही, सोलापुरी चादरी एकमेकींना शिवून घेतल्या. मामांच्या घरी पाहुण्यांना विटक्या चादरी मिळत आणि तिला गडद लाल, मोराच्या नक्षीची. थंडीत एकदा मी हे मामींच्या कानावर घातले. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं मोर मिळालाय?"

तिच्यात बसण्याचे नियम होते. पहिला, चपला काढायच्या. मामा अनवाणी चालवत आणि शेजारच्यानेही अनवाणी बसावे असा त्यांचा आग्रह. दुसरा, वेगाचा काटा पाहायचा नाही. तो त्यांनी स्वतःच्या हाताने तोडून ठेवला होता. "वेग तबकडीत नसतो, पोटात असतो," असे ते म्हणत, आणि हे मात्र मला पटलेले आहे. पत्र्यातून रस्त्याचा खडा न् खडा पायाला कळे, वारा कानशिलावर थापडा मारी, बाभळी अंगावर धावून येत, आणि मी डोळे मिटून मुलांची नावे आठवू लागे. तेवढ्यात एखादी स्कूटर आम्हाला सहज मागे टाकून निघून जाई, मागच्या आसनावर भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली बाई असे. तिसरा नियम सर्वांत कडक होता. गाडी चालू असेपर्यंत कुणी बोलायचे नाही. "तिला बोलू द्या," म्हणायचे. चौथा, घरी पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाही. दारात थोडा वेळ चालू ठेवायचे. तिला दम घेऊ द्यायचा. या सगळ्यात मला एका जुन्या माणसाची भक्ती दिसे, आणि पेट्रोलची नासाडी.

मामांची मुलगी अश्विनी पुण्यात शिक्षिका आहे. तिचा नवरा निखिल गेल्या दिवाळीत नवी शर्यतीची मोटार घेऊन सोलापुरात आला. राखाडी, बसकी, बेडकासारखी दबा धरलेली. मी मनापासून सांगतो, ती प्रत्येक बाबतीत सरस होती. होटगी रस्त्याला आम्ही किती वेगाने गेलो ते मला उतरल्यावर कळले. आत पाण्याची बाटलीसुद्धा हलली नव्हती. मामा पुढे बसले होते, उजवा तळहात समोर डॅशबोर्डच्या फळीवर टेकवून. निखिलने उत्साहाने एक बटण दाबले. "आता बघा बाबा, इंजिनचा आवाज कसा बदलतो." मागे बसलेल्या माझ्या छातीत तो घनगंभीर आवाज घुमला. मामांचा चेहरा मात्र कोरा.

"कुटं बदलला?" ते म्हणाले.

"एवढा मोठा झाला की, बाबा!"

"मग फळी का हलत न्हाय?"

निखिल प्रामाणिक मुलगा आहे. तो म्हणाला, "खरं सांगायचं तर... थोडासा स्पीकरमधून येतो. या गाड्या फार शांत असतात ना, म्हणून कंपनीच आवाज घालून देते."

मामा सावकाश त्याच्याकडे वळले. "म्हंजे इंजिनाची रेकॉर्ड लावलालाव व्हय?"

हा किस्सा आम्ही सबंध दिवाळी पुरवला. मामांचे कान किती तयार, स्पीकर चालू होताच पकडला, असे आम्ही फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो. मामा हसत ऐकून घेत. निखिलला वाईट वाटू नये म्हणून ते शेवटी म्हणाले, "लई चांगली गाडी हाय तुमची. उगं न्हाय म्हणत. पण तिला माझी गरज न्हाय. आमची ती मी न्हाय तर वळत पन न्हाय."

संक्रांतीच्या सुमारास मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. मामांच्या मागे ट्रकवाले हॉर्न वाजवतात आणि हे बाजूला होत नाहीत, अशी तक्रार त्यांच्याकडे दोघा-तिघांनी केली होती. अश्विनीचे म्हणणे होते की वडिलांना मस्ती चढली आहे, आता किल्ली काढून घ्यावी. "तुम्ही एकदा बसून बघा," मामी म्हणाल्या. "तुमचं ऐकतील. तुम्ही हळू बोलता." मी गाडीतली बोलायची बंदी त्यांच्या ध्यानात आणून दिली. "मग उतरल्यावर बोला की," मामी म्हणाल्या.

मामा दर रविवारी सकाळी अक्कलकोट ओलांडून दुधनीपर्यंत जात, तिथे चहा घेत आणि परत येत. त्या रविवारी मी अनवाणी त्यांच्या डाव्या हाताला बसलो. अक्कलकोट मागे पडल्यावर रस्ता अरुंद झाला. मागे एक टेम्पो लागला आणि हॉर्न वाजवू लागला. मी वाट पाहिली. मग नियम मोडून म्हणालो, "मामा, मागे टेम्पो आहे." मग मोठ्याने म्हणालो. मग ओरडलो, आणि मी ओरडल्याचे माझे मलाच नवल वाटले. मामा समोर पाहत मंद हसत होते, त्यांचा डावा हात धोट्याच्या मुठीवर विसावला होता. अखेर टेम्पो कडेच्या मातीतून धूळ उडवत आमच्या बरोबरीला आला. चालकाने अर्धे अंग बाहेर काढले.

"ए म्हाताऱ्या, कान घरी ठिवून आलास काय बे?"

मामांनी मोठ्या अदबीने त्याला सलाम केला. रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस गाडीचे कौतुकच करतो, एवढे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

दुधनीच्या हॉटेलवाल्याने "बर्री मामा, बर्री!" असे कानडीत या-या करत बाकडे पुसले. समोरासमोर बसल्यावर मामांचे सगळे ठीक होते. हॉटेलवाल्याच्या अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठी थट्टेला त्यांचे तयार उत्तर होते. माझ्या मनात शंका आली, आणि तिची परीक्षा घेण्याचा मोह मला आवरला नाही. मी चहाचा कप तोंडासमोर धरला आणि कपाआडून विचारले, "मामा, मामींचे गुडघे आता कसे आहेत?"

मामांनी माझ्या कपाकडे बोट दाखवले.

"कप खाली घ्या जावईबापू," ते म्हणाले. "म्हंजे ऐकू येतं."

मी कप खाली ठेवला. मला कुठे पाहावे ते कळेना. मामांनीच मला मोकळे केले. गिरणीत मागांच्या खात्यात कुणालाच काही ऐकू येत नसे, म्हणाले. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. तिकडच्या कोपऱ्यातला माणूस काय शिवी देतोय ते इकडून कळायचे. कुठला माग बिघडणार आहे ते लोखंडावर तळहात ठेवून ओळखायचे. तसे करता करता कान कधी गेले, ते त्यांचे त्यांनाच समजले नाही, कारण अडलेच नाही कुठे. फक्त गाडीत अडत होते. रस्त्यावरची नजर काढून शेजारच्याच्या ओठांकडे बघता येत नाही.

"म्हणून बोलायची बंदी?" मी विचारले.

"मग काय, 'आं? आं?' करत चालवू?" मामा म्हणाले. "पन ती मला कळते हां. तळपायाला कळते, मुठीत कळते. ती काय म्हणते ते सगळं कळतं. बाकीच्यांचंच कळत न्हाय."

फळी का हलत नाही, हा दिवाळीतला प्रश्न मला तेव्हा नव्याने ऐकू आला. सबंध दिवाळी आपण काय सांगत फिरलो, याची मला लाज वाटली. मी त्यांना म्हणालो की हे घरी तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही, आणि लपवणारही नाही. ते म्हणाले, "दोन्ही कसं जमणार तुमाला?" परत येताना मी सबंध रस्ता मान मागे वळवून बसलो आणि मागून काही आले की त्यांच्या खांद्याला हात लावत राहिलो. मामा प्रत्येक वेळी निमूटपणे बाजू देत होते. घरी पोहोचल्यावर त्यांनी दारात नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवले, त्या दिवशी जरा जास्तच वेळ, आणि मग आत जाऊन मामींना सगळे सांगितले.

अश्विनी पुण्याहून कानाचे यंत्र घेऊन आली. तिने अट स्पष्ट घातली: यंत्र घालून चालवा, नाहीतर किल्ली द्या. मामांनी यंत्र घातले. मामी म्हणाल्या, "येतंय का काही ऐकायला?" मामांनी दचकून त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुझा आवाज असा कधी झाला गं?" मामी लगबगीने आत गेल्या आणि चहात साखर दोनदा घालून बाहेर आल्या.

मग सगळे अंगणात आलो. मामांनी मोराची चादर काढली, चपला काढल्या, बसले, गाडी सुरू केली. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी डोके एकीकडे कलते केले, मग दुसरीकडे. एकदा यंत्र काढले, पुन्हा घातले. मग ते निखिलकडे पाहून हसले, पण ते हसू मला बघवले नाही.

"तुमच्या गाडीवानी वाजलालीय," ते म्हणाले. "स्पीकरमधनं."

"होईल सवय, बाबा," अश्विनी म्हणाली.

"व्हईल की. तेच तर नको."

त्यांनी गाडी बंद केली. यंत्र घालून चालवले असते तर गाडी त्यांचीच राहणार होती. कुणीही किल्ली मागितली नसती. ते उतरले आणि किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी गडबडून निखिलकडे बोट दाखवले. तो तरुण, सराईत. मामा म्हणाले, "त्याला भीती वाटत न्हाय. तुमाला वाटते. हिला घाबरणारा मानूस लागतो, त्यो नीट ध्यान देतो."

आता घरात मामा यंत्र घालतात. मामींचे बोलणे ऐकतात, क्वचित भांडतातही, आणि शेजाऱ्यांना वाटते की या वयात यांचे नव्याने लग्न झाले आहे. रविवारी सकाळी मात्र यंत्र सदऱ्याच्या खिशात जाते. मी उजवीकडे अनवाणी बसतो, ते डावीकडे, उजवा तळहात फळीवर. गिअर बदलायची वेळ झाली की मला कळण्याआधी त्यांची बोटे वर होतात, दोन किंवा तीन. माझ्या हातून गिअरचे दात करकरले की ते डोळे मिटून घेतात, पण बोलत नाहीत. नियम नियमच आहे. दुधनीचा हॉटेलवाला मला आता "डायव्हर" म्हणतो. मला त्याचा अभिमान वाटतो, हे मी घरी सांगितलेले नाही.

परत आल्यावर मी दारात इंजिन चालू ठेवतो. पूर्वी मी मनातल्या मनात पेट्रोल मोजायचो. आता मामांच्या तळहाताकडे पाहत बसतो. तो उचलला गेला की मी किल्ली फिरवतो. अलीकडे तो लवकर उचलला जात नाही. आतून मामी जेवायला हाक मारतात, भाकरी गार झाली म्हणतात, एकदा, दोनदा. ती हाक मला ऐकू येते. मामांना येत नाही. मी त्यांना सांगत नाही.